रफू की ठिगळ?

तर मंडळी, गेल्या हिवाळ्यातले सात-आठ शनिवार मी शेजाऱ्यांच्या गॅरेजमध्ये घालवले. काम काय, तर ऐंशी वर्षांहून जुन्या लष्करी रायफलीची डागडुजी. हे वाचून ज्यांच्या भुवया वर गेल्या असतील त्यांना एवढंच सांगतो, की आमच्या घरातल्या भुवया अजून खाली आलेल्या नाहीत. :)

आम्ही राहतो पिट्सबर्गच्या एका उपनगरात. शेजारचे गृहस्थ साठीचे, जन्मभर ट्रक दुरुस्त करून आता निवृत्त. त्यांचं खरं नाव इथे कशाला, मी मनातल्या मनात त्यांना तात्या म्हणतो. आमच्या वाड्यात एक तात्या होते, तेही असेच प्रत्येक वाक्याआधी घसा खाकरायचे. तर या तात्यांचे वडील वारले आणि त्यांचं घर रिकामं करताना कपाटामागे एक रायफल निघाली. एका संध्याकाळी तात्या आमच्या दारात उभे. हातात फोन, फोनवर फोटो. लोखंडावर उमटवलेला मुकुट, त्याखाली तीन अक्षरं, त्याखाली रोमन लिपीत 'इशापूर' आणि साल १९४३.

"हे तुमच्याकडचं गाव ना?"

मी म्हटलं, आमच्याकडचं खरं, पण आमच्या पुण्यापासून दोन हजार किलोमीटरवर. आत या, चहा टाकतो.

इशापूर म्हणजे कोलकात्याच्या उत्तरेला, हुगळीच्या काठी, बराकपूरजवळ. आधी तिथे बंदुकीच्या दारूचा कारखाना होता, मग १९०४ मध्ये रायफल फॅक्टरी आली. ती आजही आहे. २०२१ मध्ये ऑर्डनन्स फॅक्टरी बोर्ड मोडून सात सरकारी कंपन्या केल्या, तेव्हा ती त्यातल्या एकीकडे गेली. रायफलीचं पूर्ण नाव शॉर्ट मॅगझिन ली-एनफिल्ड, नंबर १, मार्क ३ स्टार. हे नाव आपल्याकडे कोणी घेत नाही. आपण म्हणतो थ्री-नॉट-थ्री.

आता कळलं ना? कॉलेजात एनसीसीला असलेल्या प्रत्येकाच्या खांद्याला ही माहीत आहे. आम्हाला मिळायच्या त्या डीपी, म्हणजे ड्रिल पर्पज रायफली, गोळी झाडण्यासाठी निकामी केलेल्या. 'बाजू शस्त्र' म्हटलं की चार किलोचा तो धोंडा उचलायचा. सकाळी सहाला, उपाशीपोटी. मुंबईच्या वाचकांना ती वेगळ्या कारणासाठी आठवत असेल. २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री सीएसटीवर एके-४७ घेऊन आलेल्यांसमोर आपल्या काही पोलिसांच्या हातात हीच थ्री-नॉट-थ्री होती. उत्तर प्रदेश पोलिसांनी तर तिला २०२० च्या प्रजासत्ताक दिनाला निरोप दिला. १९०७ चं डिझाईन! आमच्या क्षेत्रात पाच वर्षं जुन्या कोडला 'लेगसी' म्हणून नाकं मुरडतात.

मुकुटाखालची ती तीन अक्षरं जी, आर, आय. जॉर्जियस रेक्स इम्परेटर. जॉर्ज, राजा आणि सम्राट. सम्राट कुठला, तर आपला. ती उपाधी १९४८ मध्ये सोडून दिली गेली. पण फोटोत माझी नजर अडकली ती सालावर. १९४३ साल, बंगाल प्रांत. त्या वर्षीच्या दुष्काळात बंगालमध्ये लाखो माणसं भुकेने मेली, आणि त्याच प्रांतात त्याच वर्षी कारखान्यात कोणीतरी या लोखंडावर हा मुकुट मारला. तो मारणाऱ्याच्या घरी त्या रात्री भात होता का नव्हता, कोण जाणे. तात्यांना मी हे सांगितलं. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "मला वाटलं होतं, ही फक्त माझ्या बापाची आहे."

तात्यांच्या वडिलांनी ही रायफल घेतली १९९१ साली. त्या काळात जगभरच्या सैन्यांच्या जुन्या रायफली अमेरिकेत ढिगाने येत होत्या आणि दुकानात अगदी फुटकळ किमतीला मिळत होत्या. म्हाताऱ्याला हरणाच्या शिकारीला बंदूक हवी होती आणि नवीन घ्यायला पैसे नव्हते. पेनसिल्व्हेनियात थँक्सगिव्हिंगनंतर हरणांचा सीझन सुरू होतो. आपल्याकडे गणपतीला चाकरमानी कोकणात पळतात ना, साधारण तशीच त्या दिवशी इथली अर्धी पुरुषमंडळी जंगलात पळते.

पण लष्करी रायफल शिकाऱ्याला जड. हिच्या नळीला शेवटपर्यंत लाकडाचं आवरण असतं, वर-खाली दोन्हीकडून, आणि तोंडाशी एक दणकट लोखंडी टोपण, नोजकॅप, त्यावर संगीन बसते. हरणाला संगीन कशाला? म्हणून म्हाताऱ्याने नोजकॅप काढून टाकली, वरची लाकडं काढली आणि पुढचं लाकूड मधल्या पट्ट्यापाशी करवतीने कापून गोल घासलं. मागच्या दस्त्यावर रबराची गादी ठोकली. झाली शिकारीची बंदूक. हजारो अमेरिकन घरांत हजारो लष्करी रायफलींचं हेच झालंय.

जुन्या रायफलींच्या हौशी लोकांत अशा कापाकापी करणाऱ्याला एक नाव आहे, 'बब्बा'. म्हणजे अडाणी, आडदांड, हातात करवत असलेला कोणीही इसम. 'बब्बाने वाट लावलेली रायफल' हा त्यांचा रोजचा वाक्प्रचार. अशा रायफलीला पुन्हा मूळ लष्करी रूप द्यायचं, त्यासाठी सुटे भाग गोळा करायचे, हा एक मोठाच छंद आहे. तात्यांनाही तेच करायचं होतं. फक्त त्यांचा बब्बा म्हणजे त्यांचे स्वतःचे वडील होते.

माझा संबंध काय, तर 'भारतीय एक्सपर्ट'. :) मी कितीही सांगितलं की बाबा रे, मी जावा डेव्हलपर आहे, तरी इशापूर हे नाव वाचल्यापासून मी त्यांच्या दृष्टीने अधिकृत सल्लागार. त्यात आणखी गंमत म्हणजे मी इथे एच-वन-बी व्हिसावर. माझ्यासारख्याला शिकारीचं लायसन्स वगैरे अपवाद सोडले तर बंदूक बाळगणं हा अमेरिकेत फेडरल गुन्हा आहे. मात्र कायद्याच्या लेखी बंदूक म्हणजे तिचा मधला सांगाडा, रिसीव्हर. बाकी लाकूड म्हणजे नुसतं लाकूड. त्यामुळे कामाची वाटणी आपोआप झाली: लोखंड तात्यांचं, लाकूड माझं.

घरी अर्थातच वादळ झालं. लेक इथल्या शाळेत जाते. शाळेत गोळीबार झाला तर दिवे बंद करून कोपऱ्यात गप्प कसं बसायचं, याचं ड्रिल तिने बालवर्गापासून केलंय. २०१८ च्या ऑक्टोबरात याच शहरात, स्क्विरल हिलमधल्या सिनेगॉगमध्ये एका माणसाने ११ जणांना ठार मारलं. बायको म्हणाली, "आणि तू शनिवारी बंदुकीला तेल लावायला जाणार?" माझ्याकडे चांगलं उत्तर नव्हतं, आजही नाही. मी म्हटलं ही हाताने बोल्ट ओढून एकेक गोळी झाडायची रायफल आहे, शाळेत घुसणारे असली घेऊन जात नाहीत. ती म्हणाली, हे तू तिला समजावून सांग. शेवटी तह झाला: बोल्ट काढून तात्यांच्या तिजोरीत, काडतूस गॅरेजात एकही नाही आणि लेक तिकडे फिरकणार नाही. तात्यांनी हे तिन्ही मुकाट मान्य केलं. मला वाटतं त्यांना ते बरंच वाटलं.

पहिल्याच शनिवारी घोटाळा झाला, आणि त्यात माझाही वाटा आहे.

या रायफलीचा दस्ता आणि पुढचं लाकूड ही दोन वेगळी लाकडं असतात. दस्ता एका लांब बोल्टने आत आवळलेला असतो. या बोल्टचं पुढचं टोक चौकोनी असतं आणि ते पुढच्या लाकडातल्या एका छोट्या पट्टीत अडकून बसतं, म्हणजे बोल्ट आपोआप सैल होऊ नये. मोठी हुशारीची योजना. पण याचा अर्थ असा की आधी पुढचं लाकूड उतरवायचं आणि मगच दस्त्याचा बोल्ट फिरवायचा. उलटं केलंत तर ते चौकोनी टोक फिरतं आणि आतून लाकूड फाडतं.

हे मी आदल्या रात्री वाचलं होतं. तात्यांनी लांब स्क्रूड्रायव्हर दस्त्यात घातला तेव्हा मला ते आठवलंही. पण चाळीस वर्षं ट्रकची इंजिनं खोललेला माणूस, वयाने मोठा, त्याच्याच गॅरेजात. मोठ्यांना मध्येच टोकू नये हे लहानपणापासून इतकं मुरलंय की मी "मला वाटतं बहुतेक आधी..." एवढं बोलेपर्यंत कट्‌ असा आवाज आला. ऊस मोडावा तसा.

वडिलांनी कापलेल्या त्या लाकडाला मागच्या बाजूने चांगली बोटभर लांब चीर गेली होती. तात्यांनी स्क्रूड्रायव्हर खाली ठेवला, हात पुसले आणि घरात निघून गेले. मी दहा मिनिटं हीटरसमोर उभा राहिलो आणि परत आलो. ऑफिसमध्ये कोड रिव्ह्यूत मी भल्याभल्यांना टोकतो, आणि इथे तोंड उघडलं नाही.

त्याआधी तात्यांचा विचार साधा होता: जुनं कापलेलं लाकूड फेकायचं, पुढचं नवीन बनवलेलं लाकूड मागवायचं. अशी नव्याने बनवलेली लाकडं मिळतात. चीर पडल्यावर मात्र ते म्हणायला लागले, हे फेकायचं नाही. फेकणार होतात ते चांगलं असताना, आणि मोडल्यावर ठेवायचंय, हा काय न्याय? पण मी आता शहाणा झालो होतो, गप्प बसलो.

मग मार्ग सापडला तो असा. अशा रायफलींची लाकडं बहुधा मागून खराब होतात. गोळी सुटली की सगळा धक्का पुढच्या लाकडाच्या मागच्या टोकाशी, दोन छोट्या खांद्यांवर येतो. जुनं, तेलाने कुजलेलं लाकूड तिथेच चुरतं. ऑस्ट्रेलियाच्या लिथगो कारखान्यात लाकूड मऊ होतं म्हणून त्यांनी तिथे चक्क तांब्याचे ठोकळे बसवले होते. तर एका जुन्या सामानवाल्याकडे तात्यांना असं एक पुढचं लाकूड मिळालं, ज्याचा मागचा भाग पार गेलेला पण पुढचा शाबूत. आणि आमच्याकडे होतं बरोबर उलटं. दोन्ही मधल्या पट्ट्यापाशी कापून एकमेकांना जोडली की एक पूर्ण लाकूड. जोड पट्ट्याखाली झाकला जातो. ही युक्ती आमची नाही, या छंदातले जाणकार ती नेहमी करतात.

वडिलांच्या लाकडाची मागची चीर गोंद भरून, शिकंजात आवळून आणि आत लाकडाची एक बारीक खुंटी ठोकून बुजवली. याच लाकडात मॅगझिनच्या जरा पुढे एक आडवा स्क्रू आहे. हौशी लोक त्याला 'इशापूर स्क्रू' म्हणूनच ओळखतात. लाकूड फाकू नये म्हणून हिंदुस्थानी रायफलींना तो घालायचे. नवीन लाकूड आणलं असतं तर तो गेला असता. म्हणजे म्हाताऱ्याने पुढचं सगळं कापलं, पण इशापूरची खूण असलेला तुकडा तेवढा वाचवला, अर्थात नकळत.

लाकूड बसवणं हे काम मात्र मला मनापासून आवडलं. लोखंडी भाग बर्मिंगहॅमचा असो, लिथगोचा असो की इशापूरचा, बहुतेक वेळा एकाच्या जागी दुसरा जातो. लाकडाचं तसं नाही. प्रत्येक लाकूड त्या त्या रायफलीला हाताने बसवावं लागतं. पद्धत अशी की लोखंडाला काजळी फासायची, लाकडावर दाबायचं, उचलायचं. जिथे काळं लागलं तिथे लाकूड उंच आहे, तेवढंच पटाशीने खरवडायचं. पुन्हा फासायचं, पुन्हा दाबायचं. मागचे ते दोन खांदे डावी-उजवीकडे सारखे टेकले पाहिजेत, नाहीतर नेम एका बाजूला जातो. मी घरातली काजळाची डबी नेली होती. (ती संपली. हाही एक मुद्दा घरी अजून प्रलंबित आहे.) तीन शनिवार गेले यात. आठवडाभर स्क्रीनवर जे करतो त्यातलं काहीच हाताला लागत नाही. इथे शेवटी शेवटी लाकूड लोखंडावर बसताना एक 'टप्' असा भरीव आवाज यायला लागला, तो ऐकून मी उगाच तीन-चार वेळा काढलं आणि बसवलं.

मग तेल. या लाकडाला वॉर्निश नाही, जवसाचं तेल. हो, तेच आपलं चटणीचं जवस. ब्रिटिश सैन्यात शिपाई ते हाताने चोळायचे. पातळ हात द्यायचा, तळव्याच्या उबेने जिरवायचा, जादाचं पुसायचं आणि वाळू द्यायचं. दोन हातांत आठवडाभराचं अंतर, कारण कच्चं तेल सावकाश वाळतं. एक इशारा मात्र गंभीरपणे घ्या: तेलाची फडकी चुरगळून कोपऱ्यात टाकू नका. जवसाचं तेल वाळताना तापतं आणि फडक्यांचा बोळा आपोआप पेट घेऊ शकतो. आम्ही ती कठड्यावर एकेक सुटी वाळत घालायचो. पापडासारखी.

दुकानात विकत मिळणाऱ्या 'रिस्टोअर' केलेल्या रायफली पाहिल्यात का? लाकूड पॉलिश पेपरने घासघासून लखलखीत, हॉटेलातल्या टेबलासारखं. त्या घासण्यात लाकडावरचे कारखान्याचे, तपासनिसांचे, दुरुस्ती करणाऱ्यांचे सगळे शिक्के जातात. माझ्या मते हे करवतीपेक्षा वाईट. करवतीने कापलेलं निदान कापलेलं दिसतं.

खरा वाद झाला तो नोजकॅपवरून.

या रायफलींत रिसीव्हरवरचा क्रमांकच बोल्टवर, नळीवर, नोजकॅपवर, लाकडावर मारलेला असतो. सगळे जुळले की 'मॅचिंग', आणि मॅचिंगला किंमत जास्त. आमची नोजकॅप म्हाताऱ्याने कधीच भंगारात घातलेली. तात्यांनी आणलेली दुसरी, विकणाऱ्याच्या म्हणण्याप्रमाणे लिथगोची, आणि तिच्यावर भलताच क्रमांक. तात्यांकडे ट्रकच्या कामाचे आकड्यांचे पंच आहेत. ते म्हणाले, जुना क्रमांक घासून टाकतो आणि आपला मारतो. विकायची थोडीच आहे, मुलाला द्यायची आहे. पूर्ण दिसेल.

या प्रकाराला छंदी लोक 'फोर्स मॅच' म्हणतात. वाचकांपैकी जे आमच्या जातीचे आहेत त्यांच्या डोक्यात लगेच घंटा वाजली असेल: गिट पुश फोर्स! म्हणजे इतिहास आवडला नाही म्हणून तोच बदलायचा आणि वर असं दाखवायचं की पहिल्यापासून हे असंच होतं. आमच्या टीममध्ये मुख्य ब्रँचवर कोणी हे केलं तर त्याला टीमला वडापाव खिलवावे लागतात. (पिट्सबर्गात वडापाव खिलवणं ही खरोखर मोठी शिक्षा आहे.)

मी या वेळी मात्र तोंड उघडलं. म्हटलं, तात्या, सुटे भाग बदलण्यात काहीच वावगं नाही, खुद्द सैन्य आयुष्यभर तेच करत आलं. नळी झिजली की बदल, लाकूड फुटलं की ठिगळ लाव. हिंदुस्थानात वापरलेल्या रायफलींच्या लाकडावर अशी चौकोनी ठिगळं किती तरी दिसतात, वेगळ्या रंगाच्या लाकडाची, लपवायचा काही प्रयत्न नाही. आणि दुसऱ्या रायफलीचा भाग लावला तर सैन्यातला कारागीर जुना क्रमांक घासत नसे. त्यावर एक आडवी रेघ मारायचा आणि शेजारी नवीन क्रमांक. दोन्ही वाचता येतात. तोंडाने सांगायची गरज नाही, लोखंडच सांगतं की मी आधी तिकडे होतो, आता इकडे आलो.

तात्या ऐकून घेतात आणि मग बरोबर खिंडीत गाठतात. म्हणाले, "ठीक, मग मीही रेघ मारतो आणि शेजारी आपला क्रमांक मारतो. आता तर खोटं नाही ना?"

यावर मी निरुत्तर झालो. घरी गेलो, जेवलो, भांडी घासताना विचार केला. कायद्याने काहीच अडचण नाही. गुन्हा आहे तो रिसीव्हरवरचा क्रमांक पुसणं किंवा बदलणं, नोजकॅपचं काय. मग मला खटकतंय काय?

खटकत होतं ते हे, की तो रेघ आणि क्रमांक म्हणजे नुसती माहिती नव्हे, ती सही आहे. त्याचा अर्थ सैन्याच्या कारागिराने हा भाग बसवला, तपासला आणि जबाबदारी घेतली. तात्यांचा पंच आज मारला तर आणखी तीस वर्षांनी तो पंच पिट्सबर्गच्या गॅरेजातला की १९५० सालच्या कुठल्या लष्करी वर्कशॉपमधला, हे सांगता येणार नाही. कमिट बरोबर आहे, पण ऑथरच्या जागी दुसऱ्याचं नाव. आमच्या आजीला रफू छान यायचं. शाळेच्या पँटला ती असं रफू करायची की फाटलं होतं हे आईलासुद्धा कळायचं नाही, आणि त्यातच तिचं कौतुक होतं. पण तिच्या गोधडीत प्रत्येक तुकडा कोणाच्या लुगड्याचा हे लख्ख ओळखू यायचं. अंगावर घालून बाहेर जायचं त्याला रफू ठीक. नातवंडांना द्यायच्या वस्तूला ठिगळच हवं, असं माझं मत झालं. आणि तात्या ही रायफल मुलालाच देणार आहेत.

मी हे दुसऱ्या शनिवारी सांगितलं, तर तात्या म्हणाले, "पण जोड तर आपण पट्ट्याखाली लपवलाच आहे." खरंच की! मी पुन्हा गप्प. :) तिथे माझं उत्तर एवढंच होतं की पट्टा एका स्क्रूवर निघतो, आत बघणाऱ्याला जोड दिसतो. घासलेला क्रमांक मात्र कुठलाही स्क्रू काढून परत दिसत नाही. याला तुम्ही पळवाट म्हणू शकता. तात्यांनी म्हटलंच.

हौशी मंडळींशी माझं दुसरं भांडण बब्बा या शब्दावरून. सुमारे १ कोटी ७० लाख ली-एनफिल्ड बनल्या असा अंदाज आहे. त्यातल्या काही लाखांना गरजू शिकाऱ्यांनी करवत लावली, तर तोही तिच्या आयुष्यातला एक भाग आहे, डाग नव्हे. एखादी खरोखर दुर्मीळ रायफल कापली असेल तर हळहळ मी समजू शकतो. पण इशापूर १९४३? ही रायफल किती वर्षं कुठल्या सैन्यात होती ते आम्हाला माहीत नाही. पण १९९१ नंतर तिने एका घराला दर हिवाळ्यात मांस दिलं, हे मात्र पक्कं माहीत आहे. तात्या आठ-दहा हिवाळ्यांच्या गोष्टी सांगतात, त्यात त्यांचे वडील एकदाही नेम चुकत नाहीत. (हा भाग मी रिव्ह्यूत पास केलेला नाही.) मग मूळ रूप म्हणजे १९४३ चंच का? १९९१ चं का नाही? माझ्यापुरतं विचाराल तर मी ती होती तशी भिंतीवर ठेवली असती. पण रायफल माझी नाही, बापही माझा नाही, आणि तात्यांना बापाने केलेलं मोडतोडीचं काम स्वतःच्या हाताने निस्तरायचं होतं. त्यात काही तरी बोलणं चालू होतं त्या दोघांचं, त्यात मी पडलो नाही. रबराची गादी तेवढी तात्यांनी काढली नाही. लष्करी रूपात ती अगदी विजोड दिसते. जाणकार बघतील तर डोक्याला हात लावतील.

एका बाबतीत मात्र भावनेला अजिबात जागा नाही: बोल्ट. लाकूड कुठलंही लावा, नोजकॅप कुठलीही लावा, पण बोल्ट आणि रिसीव्हरची जोडी जमली नसेल तर काडतुसामागे जागा जास्त राहते आणि ते फुटू शकतं, आणि ते फुटतं डोळ्यांपासून वीतभर अंतरावर. आमचा बोल्ट मूळचाच, क्रमांक जुळणारा, तरीही तात्यांनी रायफल गनस्मिथकडे नेऊन गेजने मोजून घेतली. ट्रकवाल्या माणसाला ब्रेक आणि रंगकाम यांतला फरक सांगावा लागत नाही.

मार्चच्या एका शनिवारी शेवटची जुळणी ठरली. लाकूड कायमचं बसवण्याआधी तात्यांनी मला थांबवलं आणि कानावरची पेन्सिल काढली. सुतारकामाची, चपटी. नळी बसते त्या लाकडाच्या पन्हाळीत, जिथे नळी बसल्यावर काही दिसणार नाही पण खोलल्यावर पहिलं तेच दिसेल, तिथे त्यांनी बारीक अक्षरात लिहिलं: मागचा भाग मूळ, १९९१ मध्ये वडिलांनी कापला. पुढचा भाग दुसऱ्या रायफलीचा. नोजकॅप दुसरी, क्रमांक तिचाच ठेवला आहे. मागची चीर माझ्या चुकीने. खाली तारीख आणि सही.

मग पेन्सिल माझ्याकडे दिली. मी म्हटलं, मी कशाला. ते म्हणाले, लाकूड तुझं होतं ना.

मी चिरेच्या ओळीपुढे 'आणि मी वेळेवर बोललो नाही' असं मराठीत लिहिलं, आणि खाली नाव. तात्यांनी विचारलं काय लिहिलंस. मी सांगितलं. ते घसा खाकरून हसले आणि म्हणाले, आता तो बोल्ट तू धर, मी आवळतो, आणि या वेळी काही चुकत असेल तर ओरड.